दंडकारण्य उंबरगावात होतं

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतलं दंडकारण्य गुजरातच्या किनाऱ्याजवळ, उंबरगावच्या स्टुडिओत उभं केलेलं होतं. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ त्या मालिकेची होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या गावात वीज पोचली होती आणि ग्रामपंचायतीत नाहीतर एखाद्या गुरुजींच्या घरी टीव्ही होता, तिथे अख्खी आळी त्या खोलीत आणि बाहेरच्या अंगणात दाटीवाटीनं बसायची. राम, सीता आणि लक्ष्मण ज्या अरण्यात शिरले, त्या अरण्याचा भाग म्हणून भामरागड, एटापल्ली, धानोरा हे आमचे तालुके आजही ओळखले जातात. पण पडद्यावरच्या जंगलात ओळखीचं काही सापडत नव्हतं. साग नव्हता, मोह नव्हता, बांबूची रांजी नव्हती. ऋषी होते, राक्षस होते, आणि बोरं घेऊन वाटेकडे डोळे लावून बसलेली एक शबरी होती. पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघालेली, आपल्याच कामात असलेली एकही बाई रामाच्या वाटेत आली नाही.

शबरीबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो भाग पाहताना आमच्या अंगणात बायकांच्या डोळ्यांना पदर लागले होते हेही मला आठवतं. तरी आज, आयुष्यभर पाहिलेल्या सिनेमा-मालिकांचा हिशेब मांडायला बसलो की शबरीपाशीच येऊन थांबतो. अरण्यात राहणाऱ्या माणसाला पडद्यावर कोणती जागा मिळते, हे तिच्या रूपानं फार लवकर ठरून गेलं होतं. तिनं वाट पाहायची. बाहेरून कुणीतरी येईल, त्याला आपली बोरं द्यायची, आणि त्याच्या येण्यानं तिच्या जगण्याला अर्थ मिळेल. कथा चालत राहील ती येणाऱ्याची. पुढच्या साडेतीन दशकांत जंगलावर जे जे पाहिलं, त्यात कॅमेरे बदलले, भाषा बदलल्या, दिग्दर्शकांची नियत तर कितीतरी चांगली झाली. ही जागा मात्र क्वचितच बदलली.

आणि हे पाहणारे लोक सगळे एकाच मनानं पाहत होते असंही नव्हे. गडचिरोलीतले काही गोंड रावणाला आपला पूर्वज मानतात, दसऱ्याला त्याची पूजा करतात. रविवारी सकाळी तेही त्याच टीव्हीसमोर बसत. युद्धाचे भाग आले तेव्हा त्या खोलीतल्या सगळ्यांच्या मनात एकच चाललं असेल, असं मला आज वाटत नाही. त्या वेळी ते कुणी बोललं नाही, कुणी विचारलंही नाही. एवढ्या मोठ्या मालिकेनं देश एकत्र आणला असं सगळीकडे लिहिलं गेलं, ते खरंही आहे. पण एकत्र बसणं आणि एकच पाहणं या दोन गोष्टी आहेत, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच्या अकरा दिवस आधी, १५ ऑगस्टला, दूरदर्शन रंगीत झालं. म्हणजे आमचा जिल्हा आणि देशाचा रंगीत पडदा एकाच महिन्यातले. त्याआधी आमच्याकडे सिनेमा जत्रेतल्या तंबूत यायचा. चैत्रात चंद्रपूरची महाकाली, महाशिवरात्रीला वैनगंगेकाठचं मार्कंडा, चिमूरची घोडायात्रा. देवदर्शन झालं की टूरिंग टॉकीजच्या कनातीत बसायचं. तिकडे सिरोंचात, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ, लोकांना तेलुगू सिनेमा हिंदीइतकाच घरचा. बल्लारपूरच्या पेपर मिलभोवतीच्या वस्त्यांतही तेलुगू नटांची नावं पोरांच्या तोंडात असायची. मराठी चित्रपटाचा आमच्याकडचा वाटा तुलनेनं लहानच राहिला. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतली आणि चाळींतली मराठी आम्ही जवळजवळ परक्या भाषेसारखी ऐकली, समजून घेतली, तिच्यावर प्रेमही केलं.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ आलं. मूळ जपानी चित्रमालिका, हिंदीत उतरवलेली, शीर्षकगीत गुलजारांचं, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मोगली आठवतो. आम्हाला तेव्हा एकाही माणसानं सांगितलं नाही की रुडयार्ड किपलिंगनं १८९४ च्या त्या पुस्तकात जी नदी लिहिली आहे ती वैनगंगा आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत खाली येणारी आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मधून वाहणारी आमची वैनगंगा. ज्या नदीच्या पात्रात आम्ही टरबुजाच्या वाड्या पाहिल्या, तिच्याच वरच्या अंगाला मोगली लांडग्यांत वाढत होता. आणि आम्ही तो टोकियोत काढलेल्या चित्रांतून, मुंबईत भरलेल्या आवाजांतून पाहत होतो. मला याचं दुःख नाही, उलट नवल वाटतं. गोष्ट पृथ्वीला वळसा घालून स्वतःच्या नदीवर परत येऊ शकते. पण मोगली मनात का राहिला याचं उत्तर नदीत नाही. तो बघत होता. त्या जंगलातला तो सर्वांत जिज्ञासू प्राणी होता, माकडांपासून अजगरापर्यंत प्रत्येकाला निरखणारा. त्याच्या नजरेनं जंगल आम्हाला दिसलं. शबरीच्या नजरेनं कधी दिसलं नव्हतं.

स्मरणात काय राहतं याचं माझं उत्तर यातूनच आलेलं आहे. पडद्यावरचा माणूस बघतो आहे, की फक्त दिसतो आहे? दिसणारी माणसं हजारोंनी येऊन गेली. राहिली ती बघणारी.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. कलेत आपलं गाव, आपली जात, आपलं जंगल शोधत बसणं हा संकुचितपणा आहे. चांगला सिनेमा कुठलाही असो, तो सगळ्यांचा असतो. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच माझं म्हणणं गावाबद्दलचं नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये थोडा मोठा झालेला अपू पहिल्यांदा समोर येतो तो एका डोळ्याच्या रूपानं. बहीण दुर्गा त्याला झोपेतून उठवते, फाटक्या पांघरुणाच्या भोकातून त्याचा डोळा दिसतो आणि उघडतो. १९५५ चा हा सिनेमा, बंगालच्या खेड्यातला, मी पाहिला तो दूरदर्शनवर, रात्री उशिरा, अर्धी भाषा न कळता. तरी तो मला माझा वाटला, कारण त्या दरिद्री घरातल्या पोराला रायनी सर्वांत आधी डोळा दिला. त्यानंतर काशफुलांतून धावत जाऊन आगगाडी बघणारी ती दोन मुलं आपल्याला दयेची वाटतच नाहीत. ती आपल्या बरोबरीनं बघतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्याही असाच. काळ्या चिमणीच्या मागे फिरणारा, शालूला दुरून न्याहाळणारा, आणि शेवटी ज्या गावानं त्याला तमाशासारखं पाहिलं त्या गावाकडे, म्हणजे थेट आपल्याकडे, दगड भिरकावणारा. ते गाव आमच्या भागातलं नाही. पण तो दगड आमच्या अंगणात येऊन पडला. सिनेमा सगळ्यांचा होतो तो असा. बघणाऱ्याला डोळे दिले की पाहणाऱ्याला जागा मिळते.

आता जंगलाकडे येतो. गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ १९८० चा, कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. भिकू लहान्या हा आदिवासी, स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप असलेला, आणि सिनेमाभर गप्प. वकील भास्कर कुलकर्णी त्याला बोलतं करण्यासाठी जिवाचं रान करतो, भिकू एक शब्द बोलत नाही. ओम पुरींचे ते डोळे ज्यानं पाहिले त्याला विसरता येणार नाहीत. हा सिनेमा मी माझ्या यादीत फार वर ठेवतो, आणि तो ठेवताना स्वतःशी भांडतोही. कारण इथे आदिवासीला भाषा नाही, आवाज नाही. आवाज आहे तो सुशिक्षित वकिलाला आणि त्याच्या विवेकाच्या वेदनेला. पण तेंडुलकरांनी एक गोष्ट केली जी पुढच्या कित्येकांना जमली नाही. भिकूचं मौन हे अडाण्याचं मौन नाही. त्याला सगळं माहीत आहे. कुणी काय केलं, कोर्ट काय आहे, बोलल्यानं काय होईल. वकिलापेक्षा जास्त त्याला कळतं, म्हणून तो गप्प आहे. त्याच्याकडे बघताना आपल्यालाच कमी कळतंय ही जाणीव होते. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे, हा तर त्या सिनेमातला सर्वांत बोचणारा भाग. वर गेलेल्या माणसाला खालच्याकडे बघायचं नाही.

त्याच्या तीन वर्षं आधी जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आला होता, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकरांचं जग, लिंगोबाचा डोंगर, नाग्या आणि चिंधी. ठाकर आमच्याकडचे नाहीत, तो डोंगरही सह्याद्रीचा. पण एक गोष्ट त्यात लख्ख आहे: नाग्याचं भांडण त्याचं स्वतःचं आहे. राणीमाशीशी, पापपुण्याशी, देवाशी. त्याला सोडवायला शहरातून कुणी येत नाही. जंगलातल्या माणसालाही तत्त्वज्ञानाचा प्रश्न पडू शकतो, तो त्यावर आयुष्य लावू शकतो, एवढं साधं सत्य मराठी पडद्यावर १९७७ मध्ये मांडून झालं होतं. त्यानंतर आपण मागे का आलो, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

आमच्या जिल्ह्यावरचा सर्वांत गाजलेला मराठी चित्रपट म्हणजे २०१४ चा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रियल हिरो’. दिग्दर्शन समृद्धी पोरे यांचं, मुख्य भूमिकेत नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तिथे जे उभं केलं ते या भागात राहणाऱ्या माणसाला कुणी पटवून द्यायची गरज नाही. ज्यांच्या घरातलं माणूस तिथल्या दवाखान्यात वाचलं आहे ते या चित्रपटावर टीका ऐकून घेणार नाहीत, आणि ते बरोबर आहेत. माझा मुद्दा कामाबद्दल नाही, गोष्टीच्या रचनेबद्दल आहे. त्या चित्रपटात माडिया आदिवासी माणूस रुग्ण म्हणून येतो, घाबरलेला येतो, बरा होऊन जातो. दोन संस्कृतींची भेट तिथे झाली, पण आपल्याला एकाच बाजूचं मन दिसतं. आजारी मूल खांद्यावर घेऊन कित्येक कोस चालत आलेल्या बापाला त्या पांढऱ्या बनियन-हाफपँटीतल्या डॉक्टरकडे पहिल्यांदा बघून काय वाटलं असेल? पुजाऱ्याला सोडून याच्याकडे यायचा निर्णय त्यानं कसा घेतला, घरात कोण आडवं आलं, गावात काय बोललं गेलं? हा निर्णय डॉक्टरांच्या निर्णयाइतकाच धाडसी होता. त्या निर्णयावर सिनेमा निघालेला नाही. बोरं देणारी शबरी इथेही वाट पाहतच उभी आहे.

अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ २०१७ मध्ये आला. चित्रीकरण आमच्या कोरची-धानोऱ्यापलीकडच्या छत्तीसगडात, दल्ली राजहरा भागात झालं. शहात्तर मतदारांचं एक गाव, तिथे निवडणूक घ्यायला निघालेला न्यूटन नावाचा कारकून, त्याला टाळू पाहणारा केंद्रीय दलाचा अधिकारी. गडचिरोलीत ज्यांनी मतदान केंद्राची ड्यूटी केली आहे त्यांना तो सिनेमा बघताना हसू आणि धडकी एकदमच आली असणार. आमच्याकडे मतदान दुपारी तीनला संपतं. दुर्गम केंद्रांवर पथकं हेलिकॉप्टरनं सोडली जातात, काही ठिकाणी पुढचा रस्ता पायीच. हे सगळं त्यात खरं उतरलं आहे. पण ‘न्यूटन’ माझ्या यादीत आहे तो मलकोमुळे. अंजली पाटील यांनी साकारलेली ही स्थानिक शिक्षिका, गोंडी बोलणारी, काही तासांसाठी या पथकासोबत आलेली. न्यूटन तत्त्वाला चिकटलेला, अधिकारी बंदुकीला. मलको दोघांकडे बघत असते. न्यूटन तिला निराशावादाबद्दल विचारतो तेव्हा ती आशा-निराशेच्या त्या खेळात शिरतच नाही, आपण आदिवासी आहोत एवढंच सांगते. तुझा प्रश्न माझ्या जगण्याला लागू पडत नाही, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या सौम्यपणे हिंदी पडद्यावर क्वचितच कुणी सांगितलं असेल. मला त्या क्षणी वाटलं, आता कॅमेऱ्यानं न्यूटनला सोडून हिच्याबरोबर घरी जावं. तो गेला नाही. सिनेमा न्यूटनचाच राहिला. तरीही शबरीनं पहिल्यांदा मान वर करून पाहुण्याला नीट निरखलं होतं.

मसुरकरांनीच २०२१ मध्ये ‘शेरनी’ केला. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळच्या पांढरकवडा भागात टी-१, म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, त्या प्रकरणाची सावली त्यावर आहे. विद्या बालनची वनअधिकारी प्रामाणिक आहे, एकटी आहे, आणि शेवटी हरते. चंद्रपूरकराला त्यातली एक गोष्ट सर्वांत जवळची वाटली असेल, ती म्हणजे वाघिणीच्या वाटेत आलेला खाणीचा खड्डा. आमच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघ फिरतात, दुर्गापूरच्या वस्तीत बिबट्या येतो, कोळशाच्या खुल्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर झुडपं माजली की तिथे जनावर बसतं. मुंबईच्या प्रेक्षकानं जो प्रसंग कथेतला अडथळा म्हणून पाहिला तो आमच्याकडे रात्रपाळीला जाण्याचा रस्ता आहे. आणि इथेच मला ‘शेरनी’त एक कमतरता वाटली. वाघ आणि सरकार यांच्यात उभा असलेला तिसरा माणूस, ज्याच्या बाईला सरपण आणताना वाघानं नेलं आणि जो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जंगलात गेला, त्याला त्यात चेहरा आहे, राग आहे, पण मन फारसं नाही. ताडोबाच्या वाघांवरच्या निसर्गपटांत तर तोही नसतो. तिथे वाघिणीला नाव असतं, तिच्या बछड्यांना नावं असतात, वंशावळ असते. तळ्याकाठच्या गावातल्या माणसाला नाव नसतं. वाघावर माझं प्रेम आहे. पण एवढं प्रेम करणारा कॅमेरा दोन किलोमीटर पुढे जाऊन एका अंगणात थांबला तर वाघाचं काही कमी होणार नाही.

टीव्हीच्या बातम्यांबद्दल थोडंच. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेले. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर कुरखेडा होता, नंतर नव्हता. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या तालुक्याचं नाव दुसऱ्यांदा लोकांनी ऐकलं. आणि त्यांच्यामुळे मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पाहण्याकडे येतो, जे पडद्यावर झालंच नाही.

झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि होळीपर्यंत झोपत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत गावोगाव मंडई भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं गाव, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं. कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा तिथे ठरतात, गावचं मंडळ तिथे येऊन नाटक पक्कं करतं. खेळ रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तिकीट काढून, चादरी अंगावर घेऊन, पोरंबाळं कुशीत झोपवून हजारोंनी माणसं बसतात. त्या दिवसांत घरात पाहुण्यांना जागा नसते, सोयरिकी जमतात, लेकी माहेरी येतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या, तेव्हा पट बंद झाले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत बंदच राहिले. नाटकं मात्र त्यामुळे थांबली नाहीत. लोक पटासाठी येऊन नाटक बघत होते असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्या वर्षांत उत्तर मिळालं.

टीव्हीनं नाट्यगृहं ओस पाडली हे महाराष्ट्रात इतक्यांदा लिहिलं गेलं आहे की ते सगळीकडे खरं आहे असं आपण धरून चालतो. झाडीत ते झालं नाही. दूरदर्शन आलं, व्हिडिओ आला, केबल आली, मोबाइल आला; हंगाम चालू राहिला. याचं श्रेय केवळ परंपरेच्या प्रेमाला देणं मला पटत नाही. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं बघत वाढलेला हा प्रेक्षक आहे. कलावंताला मध्येच दाद देणं, चुकला तर तिथल्या तिथे ओरडणं, खलनायकाला शिव्या घालणं, आवडलेल्या गाण्याला पुन्हा मागणं, हा त्याचा हक्क आहे. रंगमंचावरचा माणूस त्याचं ऐकतो आणि त्याप्रमाणे बदलतो. समोरून उत्तर येतं, म्हणून लोक येतात. उंबरगावचा राम आमच्या खोलीकडे बघू शकत नव्हता. झाडीचा नट अंधारात बसलेल्या गावाकडे बघून बोलतो.

मी या रंगभूमीचा भक्त आहे, म्हणून तिच्याबद्दल कडक बोलण्याचा माझा अधिकारही मानतो. इथल्या बऱ्याच नाटकांत हिंदी सिनेमाचा भडकपणा जसाच्या तसा आला आहे. नाचगाण्याची भर कथेला चिरडते. मुंबईच्या मालिकेतला चेहरा जाहिरातीवर मोठा छापायचा आणि रात्रभर नाटक ओढणाऱ्या स्थानिक कलावंताचं नाव खाली बारीक टाकायचं, हेही चालतं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमच्या नाटकात नायक आणि नायिका बहुतेकदा प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. नोकराच्या, गावातल्या खुळ्याच्या, नवऱ्याला छळणाऱ्या बाईच्या. प्रेम, त्याग, न्याय, मरण या गोष्टी पुण्याच्या भाषेत, आणि हसू आमच्या. आमच्याच मांडवात, आमच्याच पैशानं, आमच्याच लोकांसमोर आम्ही स्वतःला शबरीच्या जागी बसवलं.

आणि तरी गंमत अशी की त्या रंगभूमीचा सर्वांत मोठा माणूस त्याच जागेवरून उठला. परशुराम खुणे यांची ओळख विनोदी नट म्हणून आहे. हजारो प्रयोगांत त्यांनी बोलीतला तो साधा, भोळा दिसणारा माणूस उभा केला आणि त्याला मंचावरचा सर्वांत शहाणा माणूस बनवलं. नायकाला जे दिसत नाही ते त्याला दिसतं, ते तो हसत हसत प्रेक्षकाला सांगतो, आणि प्रेक्षकाला नायकापेक्षा तोच आठवतो. माडिया आणि गोंडी या भाषांना मात्र एवढीही जागा मिळालेली नाही. नाटक बघायला भामरागडचा माणूस वडशापर्यंत येईल, पण त्याची भाषा मंचावर येत नाही.

२०२२ मध्ये तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ नावाचा चित्रपट याच रंगभूमीवर केला. झाडीपट्टीतलेच कलावंत त्यात आहेत, आणि नाटक कंपनीच्या जगाला बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांनी न बघता आतून बघण्याचा तो प्रयत्न आहे. मी तो बघताना वारंवार पडद्यावरून नजर काढून शेजारच्या प्रेक्षकांकडे पाहत होतो. ते पडद्यावरच्या नटांना नावानं ओळखत होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. चित्रपटगृहात बसून ते नाटक बघितल्यासारखं बघत होते. तो महान चित्रपट आहे असा माझा दावा नाही. तो दाखवतो ती शक्यता मात्र माझ्या दृष्टीनं फार मोठी आहे, कारण आमच्याकडे सिनेमाला लागणारं जवळजवळ सगळं आहे. एका हंगामात वेगवेगळ्या भूमिका पेलणारे नट आहेत, रात्रीत संवाद पाठ करणारे आहेत, लेखक आहेत, वादक आहेत, आणि मुख्य म्हणजे थंडीत पहाटेपर्यंत तिकीट काढून बसणारा प्रेक्षक आहे. देशात किती भागांकडे ही शेवटची गोष्ट असेल?

म्हणून मला आता आमच्यावर आणखी एक चांगल्या हेतूचा सिनेमा नको आहे. मला झाडीबोलीतला नायक हवा, जो रडतो, खटला लढतो, प्रेमात पडतो आणि हे सगळं त्याच्या आईच्या भाषेत करतो. मला माडियातला चित्रपट हवा, ज्यात डॉक्टर, निवडणूक कर्मचारी, वनअधिकारी हे सगळे येऊन जातील, पण गोष्ट त्यांना ओलांडून पुढे जाईल. संध्याकाळी ते गेले की चुलीजवळ त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकू येईल. चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देतं. त्यातला एक वाटा गोंडी, माडिया, कोरकू, झाडीबोली अशा भाषांतल्या चित्रपटांसाठी वेगळा काढावा. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या मुलांच्या हाती कॅमेरा आणि वडशाच्या जुन्या लेखकांची हस्तलिखितं एकाच टेबलावर यावीत.

असा चित्रपट पुण्या-मुंबईत कोण बघेल, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आम्ही आयुष्यभर सदाशिव पेठेची मराठी, मुंबईची हिंदी, सिरोंचाकडे तेलुगू आणि रविवारी रात्री बंगालीही समजून घेत सिनेमा पाहिला. खालच्या ओळी वाचण्याचे तेवढे कष्ट तिकडच्या प्रेक्षकानंही आनंदानं घ्यावेत. पहिला खेळ मात्र भामरागडला लावावा, आणि कुणी मध्येच उठून ओरडलं तर दिग्दर्शकानं ते लिहून घ्यावं.